तिसऱ्या माणसाचे भाडे

हिवाळा लागला की अधिवेशनांचा हंगाम सुरू होतो. कामगार संघटना, कर्मचारी महासंघ, शिक्षकांचे मेळावे, साहित्य संमेलने. डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन भरले की सीताबर्डी आणि स्टेशनच्या आसपास लॉजमध्ये खोली मिळणे मुश्कील होते. मग दोघांच्या खोलीत तिघे-चौघे राहतात. त्यात गैर काही नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांनी राहणे आपल्याला काही नवीन नाही! भांडण लागते ते सकाळी, बिल हातात पडल्यावर.

लॉजचे भाडे खोलीचे असते असे आपण धरून चालतो. बहुतेक ठिकाणी ते दोन माणसांचे असते. तिसऱ्याची गादी, चादर, नाश्ता यांचा आकार वेगळा. असा आकार घेणे बेकायदा नाही, पण तो आधी सांगितला पाहिजे. म्हणून खोली ठरवतानाच विचारावे : आम्ही तिघे आहोत, एकूण किती? गादी त्यातच का? मुलाचे किती? दिवस चोवीस तासांचा की दुपारी बाराला संपतो? उत्तर मोबाईलवर लिहून मागावे.

काही मंडळी दोघांची नावे लिहून तिसऱ्याला रात्री मागाहून बोलावतात. ही हुशारी नव्हे. मुक्कामी प्रत्येकाचे नाव लॉजवाल्याला नोंदवावे लागते. आग लागली, पोलीस तपासणीला आले, तर ज्याचे नाव रजिस्टरात नाही त्याची पंचाईत. शिवाय काउंटरवर चारचौघांत जो पाणउतारा होतो तो वेगळाच.

आता हिशेब पाहू. समजा, खोली १६०० रुपये आणि तिसऱ्याचे ४००. २००० वर ५ टक्के जीएसटी १००, म्हणजे २१००. पुष्कळदा दोघे म्हणतात, खोली आमची, तू तुझे ४०० आणि त्यावरचा कर दे. ऐकायला हे स्वस्त वाटते. पण मग पलंग त्या दोघांचा, पंख्याखालची जागा त्यांची, आणि तिसरा दाराशी जमिनीवर. हा तिसरा कोण असतो? बहुधा नव्याने लागलेला शिपाई, नाहीतर संघटनेचे पत्रक वाटणारा तरुण. महिलांच्या खोलीत लेकरू घेऊन आलेली भगिनी. व्यासपीठावरून समतेचा ठराव मांडायचा आणि खोलीत आपल्याच माणसाला खाली निजवायचे, हे मला पटत नाही. प्रत्येकी ७०० काढावेत आणि पलंग आळीपाळीने घ्यावा. ज्याला ७०० झेपत नाहीत त्याचे उरलेले बाकीच्यांनी गुपचूप भरावेत, पण गादीची पाळी चुकवू नये.

कराचेही पाहून घ्या. पूर्वी दिवसाला १००० रुपयांपर्यंतच्या खोलीला जीएसटी नव्हता. १८ जुलै २०२२ पासून १२ टक्के लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्केच आहे. जुन्या दराने कोणी आकारत असेल तर विचारा. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर कर मागण्याचा अधिकारच नाही. 'सर्व्हिस चार्ज' हा कर नव्हे, तो देणे न देणे आपल्या मर्जीवर. ऐकलेच नाही तर ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायला फी लागत नाही.

स्वागत समितीनेही पावतीवर छापावे की प्रतिनिधी शुल्कात निवास धरला आहे की नाही. जमल्यास खोलीमागे न ठरवता माणशी दर ठरवावा. आणि निघताना तिघांनी आपापल्या नावाची वेगळी पावती मागून घ्यावी. बिल एकाच्या नावाचे असले की बाकीच्या दोघांचा मुक्कामखर्च शाखेकडे अडकून पडतो.