चोरट्या प्रतींनी मक्तेदारी मोडत नाही

चित्रपटाची चोरटी प्रत इंटरनेटवरून उतरवून घेणे म्हणजे बड्या भांडवलदारांना दिलेला तडाखाच होय, असा समज चळवळीतील काही तरुण कार्यकर्त्यांत रूढ झाला आहे. या समजामागील संताप खोटा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे भारतातील करमणूक व्यवसाय एक झाले. त्या व्यवहारात संयुक्त कंपनीचे मोल ७०,३५२ कोटी रुपये धरण्यात आले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दोहोंचे भांडार जिओहॉटस्टार या एकाच मंचावर आले. अशा तीन-चार मंचांची वर्गणी भरणे कष्टकरी कुटुंबाच्या आवाक्यातले नाही. त्यातच इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथील मराठी कामगारापर्यंत नवा मराठी चित्रपट चित्रगृहातून क्वचितच पोचतो.

परंतु या संतापातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे. चोरट्या संकेतस्थळाचा मालक हा काही लोककलेचा वाली नव्हे. तोही नफेखोरच, फरक इतकाच की चित्रपट घडविणाऱ्या कोणालाही तो मोबदला देत नाही, आणि न्यायालयाने एक पत्ता बंद केला की दुसऱ्या पत्त्यावर तेच दुकान मांडतो. त्याची कमाई सट्ट्या-जुगाराच्या जाहिरातींवर चालते, आणि पुष्कळदा पाहणाऱ्याच्या फोनवरही. चित्रपटासाठी अमुक अ‍ॅप घ्या, असे तेथे सांगितले जाते. ते अ‍ॅप संदेश वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी भामट्याच्या हाती पडू शकतो. कार्यकर्त्याच्या फोनमध्ये तर केवळ घरची बचत नसते. युनियनच्या सभासदांची यादी, संपाच्या तयारीचे निरोप, सहकाऱ्यांचे क्रमांक, सारेच त्यात असते. दोन तासांच्या करमणुकीपायी ते उघड्यावर टाकणे ही कोणाची खासगी बाब राहत नाही; तो संघटनेच्या शिस्तीचा प्रश्न होतो.

फटका कोणास बसतो, हेही पाहिले पाहिजे. बडा मंच आपली तूट वर्गणी वाढवून भरून काढू शकतो. छोट्या निर्मात्याचा पुढचा चित्रपट मात्र उभाच राहत नाही, आणि प्रकाशयोजनेचे, रंगभूषेचे, ध्वनिमुद्रणाचे कामगार रिकामे बसतात. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात लेखक, गीतकार व संगीतकार यांना चित्रगृहाबाहेरील वापराच्या मानधनात वाटा मिळाला. अमेरिकेतील पटकथालेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप करून, गाजलेल्या मालिका-चित्रपटांवर प्रेक्षकसंख्येनुसार जादा मोबदला पदरात पाडून घेतला. चोरट्या प्रतीचा प्रेक्षक अशा कोणत्याही हिशेबात धरलाच जात नाही. लढून मिळविलेला हक्क त्यामुळे कागदावरच राहतो.

मक्तेदारीला खरा पर्याय सार्वजनिक क्षेत्राचा आहे, आणि तो कल्पनेतला नाही. केरळमधील डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने मार्च २०२४ मध्ये राज्य चित्रपट विकास महामंडळामार्फत ‘सी स्पेस’ हा मंच सुरू केला. तेथे वर्गणी न ठेवता पाहिलेल्या चित्रपटाचेच पैसे घेण्याचे ठरले: पूर्ण लांबीच्या चित्रपटास ७५ रुपये, आणि त्यातील निम्मे निर्मात्यास. प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ सुरू केले. त्यात मराठी आणि कोंकणीही आहे. तेथील बातम्या सत्ताधाऱ्यांचे ढोल वाजवितात हे खरे. पण दूरदर्शनचा जुना ठेवा जनतेच्या पैशाने उभा राहिला आहे, आणि तो बातम्या न पाहताही पाहता येतो.

मराठी चित्रपटांना महाराष्ट्र शासन अनुदान देते. म्हणजे त्यांच्या खर्चाचा काही वाटा जनतेने आधीच उचललेला असतो. या चित्रपटांसाठी केरळच्या धर्तीवर सार्वजनिक मंच असावा, तो इंदूर-बडोद्याच्या मराठी घरातही त्याच दराने उघडावा, आणि निर्मात्याच्या वाट्याबरोबर कामगारांच्या कल्याण निधीचा वाटाही तिकिटातूनच वळता व्हावा, ही मागणी सांस्कृतिक आघाडीने व सिने कामगारांच्या संघटनांनी मिळून लावून धरण्याजोगी आहे.