आईचे ऋण गाणारा टुपाक

१९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले, हे आपण जाणताच. त्याच ब्लॅक पँथरची एक कार्यकर्ती म्हणजे अफेनी शकूर. बॉम्बस्फोटाच्या कटाचा आरोप तिच्यावर होता. पोटात बाळ असताना, वकील न घेता, तिने न्यायालयात स्वतःच आपली बाजू मांडली आणि मे १९७१ मध्ये ती निर्दोष सुटली. पुढच्याच महिन्यात मुलगा झाला. स्पॅनिश सत्तेविरुद्ध लढलेल्या पेरूच्या क्रांतिवीराचे नाव त्याला मिळाले : टुपाक.

घरात दारिद्र्य होते. तरी बाल्टिमोरच्या कलाविद्यालयात टुपाक अभिनय, कविता, नृत्य शिकला. मग तालावर भराभर शब्द म्हणण्याच्या रॅप गायनाकडे वळला. १९९१ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला. १९९५ मध्ये तिसरा अल्बम विक्रीत पहिला आला, तेव्हा तो लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात तुरुंगात होता. हे झाकून त्याचे कौतुक करता येणार नाही.

त्याच अल्बममध्ये ‘डिअर मामा’ हे गाणे आहे. आई व्यसनाच्या आहारी गेली होती, हे तो त्यात उघड सांगतो आणि तिच्या कष्टांचे ऋणही मानतो. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हे गाणे जतनाच्या यादीत घेतले.

१९९६ मध्ये लास व्हेगासला त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. वय अवघे २५!

बंधू-भगिनींनो, त्याचे दोष आपल्या मुलांनी घेऊ नयेत. पण पडलेल्या आईचाही हात न सोडणे, एवढे मात्र जरूर घ्यावे.