एवढंसंच उरलंय

भिशीत बटाटेवड्यांची ताटली फिरते आणि पन्नाशीला टेकलेली एखादी हात आखडते. "मला नको गं, माझं चालू आहे." काय चालू आहे, हे कुणी विचारत नाही. कुणाचं दोन वेळचं चालू असतं, कुणाचं दर दोन तासांनी. कुणाचा भात बंद, कुणाची पोळी. दिवाळीपर्यंत निम्म्याजणींचं हे 'चालू' बंद पडतं आणि मग ठरलेला शेरा येतो : "माझा मनावर ताबाच नाही."

हा शेरा खोटा आहे, आणि ज्या सल्ल्यांपायी बायका तो स्वतःवर मारून घेतात ते सल्लेही अर्धवट आहेत. मधल्या वयातल्या बाईच्या खाण्यावर आणखी एक बंदी लादून काही साधत नाही. तिला आधी स्वतःचं पूर्ण वाढलेलं ताट मिळायला हवं.

पहिला दावा : चाळिशीनंतर चयापचय मंदावतं, म्हणून खाणं निम्मं करा. २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक माणसांच्या ऊर्जाखर्चाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराचं आकारमान हिशेबात धरलं, तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळजवळ तेवढाच राहतो, असं त्यात दिसलं. मग पोट का सुटतं? आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते. त्या सुमारास इस्ट्रोजेन घटतं आणि चरबी पोटाकडे साठू लागते. रात्रीची झोप मोडते, हालचाल कमी होते, स्नायू झिजू लागतात. अशा वेळी खाणं निम्मं केलं, तर स्नायू आणखी झिजणार. दुखणं कमी होण्याऐवजी त्याला खतपाणीच मिळतं.

दुसरा दावा मनाच्या ताब्याचा. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. रोजचं खाणं साधारण १,६०० कॅलरींचं. ते तरुण स्वखुशीने आलेले, तत्त्वासाठी युद्धाला नकार देणारे, म्हणजे निग्रहात कुठेच कमी नव्हते. तरीही ते चिडचिडे झाले, उदास झाले. त्यांना सारखी थंडी वाजे, अन्नाखेरीज काही सुचेना, काहीजण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले. आपल्याकडे बाईच्या हातात हजार-बाराशे कॅलरींचा कागद ठेवतात, आणि वर तिनेच घरातल्या तिघांचे डबे भरायचे असतात. तिचा ताबा सुटला यात नवल नाही. महिनाभर टिकला याचंच नवल वाटावं.

तिसरा वाद तर घराघरांत रंगला : दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, भूक लागेल तेव्हा दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकर सांगतात, थोड्या थोड्या वेळाने खा, आपल्या मातीतलं खा, तुपाला घाबरू नका. दोघांचं देणं मान्य करायला हवं. दिवसभर चहा-बिस्किटं चरणाऱ्यांना पहिल्या सल्ल्याने थांबायला शिकवलं. दुसऱ्याने वरणभातावरची तुपाची धार परत दिली. पण दोन्ही छावण्यांतले भक्त भांडत राहिले ते 'किती वेळा' यावरच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या आणि २४ टक्के स्त्रियांचं वजन जास्त. या दोन गोष्टी एकाच बाईत नांदू शकतात. घास कितीदा घेतला हे मोजून तिचा प्रश्न सुटत नाही. घासात काय आहे, ते बघावं लागतं.

उरला आजीचा दाखला : "तिने कुठे डाएट केलं होतं?" नव्हतं केलं. ती दळत होती, कांडत होती, विहिरीचं पाणी शेंदत होती. आणि सगळ्यांची पंगत उठल्यावर जेवत होती. तिचा सडपातळ बांधा आठवणाऱ्यांनी तिची वाकलेली पाठ आणि पडल्यावर मोडलेला खुबाही आठवावा.

आजीचा तो शेवटचा पाट आपण डायनिंग टेबलावर आणून ठेवला आहे. भाजी संपलेली असते, म्हणून ही आमटीत पोळी बुडवून जेवते. मग रात्री दहाला ओटा आवरताना पातेल्याच्या तळाचा भात दिसतो. "एवढंसंच उरलंय, टाकायचं कशाला?" असं म्हणत तो उभ्या उभ्याच पोटात जातो. जेवताना उसळ कमी पडते आणि जेवण झाल्यावर भात जास्त होतो. कुठल्याही आहारतक्त्यात या घासाची नोंद नसते.

म्हणून पहिली सवय खाण्याची नव्हे, वाढण्याची. भाजी-उसळ सगळ्यांबरोबर स्वतःलाही वाढून घ्यायची आणि बसून जेवायचं. ही एक जमली, की पुढच्या सोप्या. साठ किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर घट्ट उसळीत सात-आठ ग्रॅम मिळतात, एका अंड्यात सहा. पातळ आमटीवर हा हिशेब जुळत नाही. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा तिची भाकरी आणि रोज चमचाभर तिळाची चटणी. संध्याकाळी पाचच्या भुकेला फुटाणे किंवा शेंगदाणे. पालेभाजीवर लिंबू पिळायचं आणि चहा जेवणापासून तासभर लांब ठेवायचा, म्हणजे लोह अंगी लागतं. उपवास सोडायला मी सांगत नाही. पण साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसं काही नसतं, तेव्हा 'एकादशी आणि दुप्पट खाशी' करण्यापेक्षा राजगिरा आणि ताक बरं. या सगळ्या सवयी सोमवारपासून एकदम लावायच्या नाहीत. एका महिन्याला एक पुरे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

"याने वजन किती उतरेल?" हा प्रश्न येणारच. महिन्यात पाच किलोचं वचन मी देत नाही. जे देतात, त्यांना वर्षभराने भेटून बघा. माझं माप वेगळं आहे. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो का? दोन जिने चढून गेल्यावर बोलता येतं का? खाण्याच्या जोडीला चालणं ठेवलं आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस भरलेल्या बाटल्यांनी का होईना, वजन उचललं, तर वजनकाट्याआधी ही उत्तरं बदलू लागतात.

आणि पातेल्यातला तो भात? तो टाकायचा नाहीच. डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि सकाळी कांदा, मटार, शेंगदाणे घालून फोडणीला टाकायचा. मग तो चार ताटल्यांत सारखा वाढायचा, आणि त्यातली एक आपली.