अण्णासाहेबांचे प्रकरण

आज 1 मे. पिंपळगाव राजात सकाळी महाराष्ट्र दिनाचा झेंडा लागेल, पोरे खाऊ घेऊन घरी जातील. आज कामगार दिनही असतो, हे मात्र कुणाच्या तोंडी येणार नाही. आपल्याकडे मुंबईसारखी गिरणगावे नाहीत, मग कामगार कुठला, असे वाटते. पण सोयाबीनचा ट्रक भरताना पाहिला आहे ना?

गेल्या आठवड्यात गावातल्या एका गोदामाबाहेर आम्ही तो पाहिला. पन्नाशी ओलांडलेला हमाल होता. खांद्यावर गोणपाटाची घडी, हातात आकडा. दोघांनी कट्टा उचलून दिला की गुडघे किंचित वाकत, मान डावीकडे कलत असे आणि तो फळीवरून धावतच वर चढे. चालत चढले तर ओझे जास्त लागते, म्हणाला. मानेच्या मागची कातडी बैलाच्या खांद्यासारखी निबर झाली होती. पाणी प्यायला थांबला तेव्हा सहज सांगू लागला, "पोराचं प्रकरण टाकलं भाऊ, अण्णासाहेबात. एलओआय आला, पन बँक काई करून नाई राह्यली."

अण्णासाहेबात, म्हणजे अण्णासाहेब पाटील महामंडळात; एलओआय म्हणजे महामंडळाचे पात्रतेचे पत्र, ते दाखवून कर्ज मागायचे बँकेकडे. कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळतो म्हणून हे नाव आज गावोगावच्या मराठा तरुणांना पाठ आहे. पण हे अण्णासाहेब कोण, हे किती जणांना ठाऊक आहे? पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावातून मुंबईला गेलेला हा माणूस स्वतः हमाल होता. बंदरात, दाणाबाजारात माथ्यावर ओझे वाहणाऱ्यांना त्याने संघटित केले. अडचण अशी की हमालाला एक मालक नसतो. सकाळी या अडत्याचा माल, दुपारी त्या व्यापाऱ्याचा. मग रजा, उपचार, म्हातारपणाची पुंजी मागायची कुणाकडे? 1969 च्या माथाडी कायद्याने याचे उत्तर शोधले. कामगार, मालक आणि सरकार या तिघांच्या प्रतिनिधींचे मंडळ असेल, मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरेल, आणि मंडळ कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी देईल. आमच्या मते महाराष्ट्राने देशाला दिलेल्या मोठ्या कायद्यांत याचा नंबर वरचा आहे. ही कल्पना ओझ्याखाली वाकलेल्या माणसाच्या चळवळीतून आली, कुणा साहेबाच्या टेबलावरून नाही.

पुढे अण्णासाहेब काँग्रेसचे विधान परिषद सदस्य झाले. आर्थिक निकषावर आरक्षण मिळावे म्हणून 22 मार्च 1982 रोजी त्यांनी मुंबईत मोर्चा काढला. सरकार त्यांच्याच पक्षाचे होते. मागणी पदरात पडली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. ज्याने सभागृहाबाहेर राहून कायदा मिळवला, त्याला सभागृहात बसून शब्दही मिळू नये, हे आजही मनाला लागते.

त्याच वर्षी 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. पगारवाढ तर हवीच होती, पण एकाच संघटनेला बोलणीचा हक्क देणारा 1946 चा औद्योगिक संबंध कायदाही जावा, ही मागणी होती. संप मोडला, हजारो घरे उघडी पडली. तरी 1984 च्या काँग्रेस लाटेत याच कामगारांनी डॉक्टरांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले. कायदा मात्र राज्याचा होता, त्याची किल्ली मुंबईच्या विधिमंडळात होती, आणि मते देणाऱ्यांच्या गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या.

म्हणून कामगार पुढाऱ्याने राजकारणात जाऊच नये, असे आम्ही म्हणणार नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, 1938 मध्ये संपबंदीच्या विधेयकाविरुद्ध कामगारांना रस्त्यावर आणले, आणि 1942 पासून व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळले. 1946 मध्ये कारखान्यातले आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आले. खुर्ची कामाला येते. पण बाबासाहेबांच्या हातात खाते होते आणि अण्णासाहेबांच्या हातात फक्त बाक, हा फरक कामगाराला कुणी समजावून सांगत नाही. नुसता आपला माणूस निवडून आला की गुलाल उधळला जातो आणि संघटनेची वर्गणी थकू लागते. गेटवरची माणसे पांगली की आतल्या माणसाचा आवाज बसतो. आज पक्षोपक्षी कामगार आघाड्या आहेत, पण त्यांच्या फलकांवर पुढाऱ्यांचे फोटो असतात, हमालीच्या दराचा आकडा नसतो.

त्या हमालाला आम्ही विचारले, माथाडी मंडळात नाव आहे का? "कोनतं मंडळ?" तो म्हणाला. मग त्याला सांगितले, ज्या अण्णासाहेबांच्या नावाने पोराचे प्रकरण टाकले आहे, तो माणूसही तुझ्यासारखाच ओझे वाहायचा.

त्याने आकडा कमरेला खोचला आणि आमच्याकडे पाहत राहिला. "खरंच कट्टे उचले का थो?" एवढेच विचारले. वरून ट्रकवाल्याने हाक दिली. अजून चाळीस कट्टे बाकी होते.