कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे

“सर, संगणकाची सरासरी चुकली!” असे म्हणत एक विद्यार्थी गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आला. बोदवडच्या चार दिवसांच्या पावसाच्या नोंदी त्याने व त्याच्या जोडीदाराने ‘एसक्यूलाइट’ या डेटाबेसमध्ये भरल्या होत्या. पडद्यावर उमटले ते असे :

१०|१२
११|०
१२|
१३|८

यात तारीख कोणती नि पाऊस कोणता? मिलिमीटर की सेंटिमीटर? काहीच कळत नाही. मुलाने २० ला ४ ने भागून ५ काढले. संगणक सांगत होता ६.६७.

संगणकाचेच बरोबर होते. १२ तारखेला जोडीदार पाऊस मोजायला विसरला होता. ती जागा ‘नल’, म्हणजे नोंदच नसलेली. सरासरी काढताना अशी जागा वगळली जाते, म्हणून २० ला ३ ने भागले गेले. ११ तारखेचे शून्य मात्र खरे मोजमाप आहे. त्या दिवशी पाहिले आणि पाऊस नव्हता. ‘पाऊस नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांत केवढा फरक!

माझ्या मते ही चूक मुलाची नव्हे, मांडणीची आहे. जाणकार म्हणतील, असे सुटसुटीत उत्तर दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचायला सोपे जाते. खरे आहे. पण जाणकाराला हवे ते रूप एका आज्ञेने मागता येते. नवख्याला त्या आज्ञेचे नावही ठाऊक नसते. म्हणून न मागता मिळणारे रूप नवख्याच्या सोयीचे असावे. ‘मायएसक्यूएल’ हा दुसरा डेटाबेस अशा जागी ‘नल’ हा शब्दच छापतो, हे योग्यच आहे.

उपाय अवघड नाहीत. आरंभी टिंब देऊन ‘मोड बॉक्स’ ही आज्ञा दिली की शीर्षकांसह चौकटी आखल्या जातात. ही सोय २०२० च्या ३.३३ या आवृत्तीपासून आहे. तशीच ‘नलव्हॅल्यू’ ही आज्ञा देऊन कोऱ्या जागी ‘नोंद नाही’ असे छापून घेता येते. एककासाठी मात्र आज्ञा नाही. रकान्याचे नावच ‘पाऊस_मिमी’ ठेवावे.

शीर्षके नसलेला सातबारा हाती पडला, तर आपले वडील त्यावर विसंबतील काय? मग शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, प्रश्न विचारायला शिकवण्याआधी उत्तर वाचता येईल अशी मांडणी पहिल्याच तासाला करून द्या. आणि विद्यार्थिमित्रांनो, कोरी जागा दिसली की आधी विचारा : येथे शून्य आहे, की कोणी मोजलेच नाही?