लोणारचें पाणी कोणत्या रंगाचें?

चित्रकलेच्या तासाला मुलांस तळें काढावयास सांगितलें असतां बहुतेक मुलें पाणी निळें, झाड हिरवें व डोंगर तपकिरी रंगवून मोकळीं होतात. हे रंग डोळ्यांनीं पाहिलेले नसतात. पाठ केलेले असतात. पाठांतरास आम्ही नांवें ठेवीत नाहीं, पाढे पाठच हवेत. परंतु चित्रकलेंत पाठांतर शिरलें म्हणजे डोळे निरुपयोगी होतात, आणि या गोष्टीस आमच्या मतें मुलांपेक्षां वडील माणसेंच अधिक जबाबदार आहेत.

उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर ल हाव्र नांवाचें बंदर आहे. गेल्या शतकाच्याही मागच्या शतकांत तेथें यूजेन बूदँ (१८२४-१८९८) हा एका खलाशाचा मुलगा उघड्यावर बसून समुद्र व आकाश रंगवीत असे. चित्रावर तो तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशासुद्धां टिपून ठेवी. हवामानखात्याच्या वहींत शोभाव्या अशा त्या नोंदी! त्याच गांवीं क्लोद मोने हा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा लोकांचीं व्यंगचित्रें काढून पैसे मिळवीत होता. बूदँनें आग्रह करून त्यास बाहेर नेलें. मुलगा प्रथम नाखूष होता. पण समोर बसून बूदँचें काम पाहिल्यावर त्याची दृष्टि पालटली, आणि आपण चित्रकार झालों तें बूदँमुळें, हें मोनेनें पुढें आयुष्यभर मानलें.

१८७२ सालीं मोनेनें याच बंदरांतील धुक्याची पहाट रंगविली. गलबतें पुसट, निळसर करडीं, सूर्य नारिंगी, पाण्यावर त्याच्या प्रकाशाचे चार-दोन फटकारे, बस्स. १८७४ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत हें चित्र मांडलें गेलें. त्याच्या नांवांतील ‘इंप्रेशन’ हा शब्द घेऊन लुई लरुआ या टीकाकारानें सगळ्या मंडळींची टर उडविली, आणि थट्टेचें तें नांव पंथास कायमचें चिकटलें. मराठींत त्यास दृक्प्रत्ययवाद म्हणतात. त्या प्रदर्शनांत बूदँचींही चित्रें होतीं. हा पंथ केवळ प्रतिभेच्या जोरावर जन्मला असें मात्र नव्हे. १८४१ सालीं जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानें रंगाची धातूची नळी काढली. त्यापूर्वीं रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवींत बांधून ठेवीत. नळी खिशांत, आगगाडी दारांत, तेव्हां चित्रकार घराबाहेर पडले.

हें सारें परदेशचें, असें कोणी म्हणेल, तर त्यानें कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्याकडे पाहावें. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें शिकून ते आपल्या गांवीं परतले; राजर्षि शाहूमहाराजांचा त्यांस आश्रय लाभला. कोटितीर्थाच्या तळ्याकांठीं ते राहत आणि तेथलें पाणी व झाडी पुनःपुन्हां रंगवीत. त्यांच्या चित्रांतील प्रकाश पॅरिसहून आणलेला नाहीं, तो कोल्हापुरचाच आहे. १९२२ मध्यें महाराज वारल्यावर दुःखाच्या भरांत त्यांनीं आपलीं पुष्कळ चित्रें त्याच तळ्यांत बुडविलीं असें सांगतात. १९३१ मध्यें ते स्वतः वारले.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यास समुद्र नाहीं, पण लोणार आहे. अशनिपातानें झालेल्या त्या विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर. जून २०२० मध्यें त्याचें खारें पाणी गुलाबी झालें, तेव्हां सारा देश तिकडे पाहूं लागला; पाणी आटून क्षार वाढले आणि क्षारांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें तो रंग आला, असें शास्त्रज्ञांनीं सांगितलें. पण एरव्हीं तें पाणी कोणत्या रंगाचें असतें? सहलीहून परतलेल्या मुलांस आम्हीं हें विचारलें. बहुतेकांनीं निळें म्हणून सांगितलें. वस्तुतः शेवाळामुळें तें पुष्कळदां हिरवें दिसतें, आणि कांठावरून एक तर खालीं उतरल्यावर दुसरेंच. मोबाईलमध्यें फोटो प्रत्येकाजवळ होते!

एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा मुलांनीं अवश्य द्याव्या. त्यांनीं हात बसतो. परंतु महिन्यांतून एक तास तरी वर्ग झाडाखालीं वा ओढ्याकांठीं न्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्यानें अभ्यास बुडेल अशी भीति पालकांनीं बाळगूं नये. मुलीनें पाणी जांभळें रंगविलें, तर तिला हंसण्यापूर्वीं तें किती वाजतां आणि कोणत्या बाजूनें पाहिलें, एवढें विचारावें. पुढच्या सहलीस मुलांनीं पेन्सिल, कागद व रंगपेटी घ्यावी. आणि चित्राच्या मागें तारीख, वेळ व वारा लिहावयास विसरूं नये.