दुरुस्तीला खाना नाही

शासकीय सेवेतून निवृत्त होताना आम्ही निवृत्तिवेतन, उपदान, ठेवींचे व्याज यांचा हिशेब पैपर्यंत मांडला होता. औषधपाणी, तीर्थयात्रा, नातवंडांची कौतुके, साऱ्यांना खाने होते. दुरुस्तीला मात्र नव्हता.

गेल्या वर्षी आमच्या सौभाग्यवतींचे श्रवणयंत्र बिघडले. यंत्र अवघे पाच वर्षांचे. सेवाकेंद्राने सांगितले, ‘हे मॉडेल बंद झाले, सुटे भाग येत नाहीत, नवे घ्या.’ दोन महिने घरात मोठ्याने बोलणे चालले. पुढे बोलणेच कमी झाले. याच इंदुरात आमच्या वडिलांचा रेडिओ एका कारागिराने तीस वर्षे चालता ठेवला होता!

याला तंत्रज्ञानाची प्रगती म्हणतात. आम्ही म्हणतो, ही निवृत्तांच्या पुंजीवर बसवलेली पट्टी आहे. माल बंद करण्याचा निर्णय विक्रेत्याचा. भुर्दंड मात्र आमच्या माथी!

केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने संकेतस्थळ उघडले. ठीक, पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. सुटे भाग किती वर्षे मिळतील, हे विक्रेत्यावर बंधनकारक झालेच पाहिजे.

तोवर आपण काय करावे? खरेदीपूर्वी सुट्या भागांची हमी लेखी मागावी. पावती जपावी. १९१५ या ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात तक्रारशुल्कही नाही. आयुष्यभर इतरांचे अर्ज निकाली काढणाऱ्या आम्हां निवृत्तांना स्वतःचा एक अर्ज लिहिण्याचा संकोच का वाटावा?